रोपणद्रव्ये आणि सात्म्य : धातू, शिंपला आणि भस्म

आपल्या जिल्हा संघटनेच्या ओरोस येथील एका बैठकीत औषधनिर्मात्या बंधूंनी विचारलेला प्रश्न प्रस्तुत लेखाचे निमित्त आहे. ते म्हणाले, "देवबागपासून शिरोड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर शंख, शिंपले, कवड्या आणि समुद्रफेन यांना तोटा नाही. परदेशात प्रवाळ आणि शिंपला यांपासून हाडात व जबड्यात बसविण्याची द्रव्ये तयार करतात, असे वाचनात येते. मग आमच्या कपाटातले शुक्तिभस्म दात काढल्यावर राहणाऱ्या खळग्यात भरले, तर हाड भरून येणार नाही का? आणि येत असेल, तर हा उद्योग आपण का करू नये?" सभेत मतमतांतरे झाली. एका तरुण वैद्यमित्रांनी असा प्रयोग करून पाहण्याची तयारीही दर्शविली. मला त्या वेळी "घाई करू नका" एवढेच सांगता आले. कारण सांगता आले नाही. ते कारण शोधण्याच्या निमित्ताने जे वाचन झाले, ते येथे मांडत आहे.

शल्याचे काय होते?

शरीरात शिरलेल्या परक्या द्रव्याचे पुढे काय होते, हा प्रश्न सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात, प्रनष्टशल्याच्या विवेचनात, स्पष्टपणे घेतला आहे. त्यांच्या कथनाचा आशय असा, की सोने, रुपे, तांबे, पितळ, कथील आणि शिसे यांचे शल्य दीर्घकाळ राहिल्यास पित्ताच्या तेजाने विरघळते. स्वभावतः शीत आणि मृदू असलेली अशीच अन्य द्रव्येही द्रवरूप होऊन शरीरधातूंशी एकरूप होतात. शिंग, दात, केस, हाड, बांबू, लाकूड, दगड आणि मातीची वस्तू यांचे शल्य मात्र शरीरात विरत नाही.

आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर ही यादी जशीच्या तशी उतरत नाही, हे प्रथमच मान्य केलेले बरे. शुद्ध सोने शरीरात जवळजवळ अविकृत राहते. उलट, मृत हाडाचा तुकडा शरीर हळूहळू पोखरून शोषू शकते. परंतु शिशाविषयीचे निरीक्षण आश्चर्यकारकरीत्या खरे आहे. सांध्याच्या पोकळीत अडकून राहिलेली बंदुकीची गोळी सांध्यातील द्रवाने झिजते आणि वर्षानुवर्षांनंतर रुग्णाला शिशाची विषबाधा झाल्याची उदाहरणे आधुनिक शल्यवैद्यकात नोंदलेली आहेत. यादीतील चुका-बरोबर मोजण्यापेक्षा तिच्यामागील विचारपद्धती अधिक मोलाची वाटते. द्रव्य कोणते, ते किती काळ राहिले आणि शरीराच्या अग्नीने त्याचे काय केले, या तीन गोष्टी आचार्य एकत्र पाहतात. द्रव्य मौल्यवान आहे किंवा पवित्र आहे, म्हणून ते शरीराला मानवेल असे ते कोठेही म्हणत नाहीत.

इंग्रजी ग्रंथांत ज्या गुणाला 'बायोकॉम्पॅटिबिलिटी' म्हणतात, त्यासाठी मराठीत 'जैवसुसंगतता' असा शब्द योजला जातो. मला आपला 'सात्म्य' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. लिव्हरपूल येथील प्राध्यापक डेव्हिड विल्यम्स यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्येचा आशय असा, की विशिष्ट उपयोगासाठी बसविलेल्या द्रव्याने आपले काम करावे आणि शरीराने त्याला योग्य तो प्रतिसाद द्यावा, याचे नाव सुसंगतता. 'विशिष्ट उपयोगासाठी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सात्म्य हेही कोणाला, कोठे आणि किती काळ, या प्रश्नांवाचून सांगता येत नाही. रक्ताच्या प्रवाहात चाललेले द्रव्य हाडात चालेल असे नाही, आणि पोटात घेतल्यावर हितकर असलेले द्रव्य जखमेत हितकर असेल असेही नाही. सभेतील प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी थोडे दूर जावे लागेल.

छातीतील घड्याळ

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात साठी उलटलेले एक गृहस्थ गुडघेदुखीसाठी माझ्याकडे आले. संधिवाताची लक्षणे पाहून मी लशुनक्षीरपाक आणि योगराज गुग्गुळ सुरू केले. पंधरवड्याने ते पुन्हा आले, तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होते आणि दंडावर काळेनिळे डाग होते. मी शीतादाचा विचार करीत हिरड्या पाहत होतो. खोलीत शांतता होती, आणि तेवढ्यात एक बारीक टिकटिक ऐकू आली. मी घड्याळाकडे पाहिले, तेव्हा ते हसून म्हणाले, "डाक्टरानु, घड्याळ माज्या छातीत आसा. ता तुमका सांगूक इसारलंय."

त्यांच्या हृदयात अठरा वर्षांपूर्वी मुंबईत बसविलेली यांत्रिक झडप होती आणि ते रोज वॉरफरिन घेत होते. रक्त गोठण्याचा आय.एन.आर. हा निर्देशांक, जो त्यांच्यासाठी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान हवा होता, तो पाचाच्या वर गेला होता. ते सांगायला विसरले हे खरे. पण मी विचारायला विसरलो, हा दोष माझा. हिरड्यांच्या सुजेसाठी त्यांनी मधल्या काळात औषधाच्या दुकानातून मेट्रोनिडाझोलही आणून घेतले होते, आणि ते वॉरफरिनचा प्रभाव वाढविते हे सर्वज्ञात आहे. त्यामुळे लसणीचा वाटा किती, हे मी सिद्ध करू शकत नाही. तथापि लसूण रक्तबिंबिकांचे चिकटणे कमी करते, आणि वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला ती औषधी मात्रेत देणे धोक्याचे आहे, हे मला ठाऊक असायला हवे होते. दोन्ही औषधे त्याच दिवशी बंद करून त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले. ते बरे झाले.

त्यांच्या जवळच्या कार्डावर झडपेचे नाव होते : 'टीटीके चित्रा'. या झडपेची जन्मकथा रोपणद्रव्यांच्या सहयोगी संशोधनाचा आपल्या देशातील उत्तम पाठ आहे, आणि तिचा एक धागा आयुर्वेदाशीही जुळलेला आहे.

चार वेळा केलेली झडप

लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा निकामी झालेले तरुण रुग्ण आपल्याकडे फार. परदेशी झडपेची किंमत त्यांच्या कुटुंबांच्या आवाक्याबाहेरची होती. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचे संचालक, हृदयशल्यविशारद डॉ. मा. शं. वलियाथन यांनी देशी झडप बनविण्याचा संकल्प केला. संस्थेच्या आवारात शल्यवैद्य, अभियंते, रसायनतज्ज्ञ आणि पशुवैद्य यांना त्यांनी एका कामावर आणले. अभियांत्रिकीची धुरा डॉ. जी. एस. भुवनेश्वर यांच्याकडे होती.

हृदय मिनिटाला ७२ वेळा ठोके देते असे धरले, तर झडप वर्षाला सुमारे ३ कोटी ७८ लाख वेळा उघडझाप करते. दहा वर्षांची हमी द्यायची, तर सुमारे ३८ कोटी उघडझापी तिने सोसल्या पाहिजेत. प्रयोगशाळेतील यंत्रात ही गती अनेक पटींनी वाढवून काही महिन्यांत वर्षांची झीज पाहता येते.

पहिल्या प्रतिकृतीत टायटॅनियमचा पिंजरा होता. चाचणीत त्याचा वेल्डिंगचा सांधा तुटला. दुसरीत पिंजरा अखंड केला आणि आतील चकती कृत्रिम नीलमण्याची, म्हणजे सफायरची, घेतली. चकती इतकी कठीण, की तिने टायटॅनियमच झिजविले. तिसऱ्या वेळी पिंजऱ्यासाठी हेन्स-२५ हा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू घेतला. यंत्रावर सारे उत्तम चालले. प्राण्यात बसविल्यावर मात्र सफायरची चकती फुटली. कठीणपणा म्हणजे टिकाऊपणा नव्हे, हे येथे फार महागात शिकावे लागले. चौथ्या प्रतिकृतीत पिंजरा तोच ठेवून चकती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची केली. तुलनेने मऊ असलेले हे प्लास्टिक धक्का पचविते, आणि झिजले तरी अत्यल्प झिजते. डिसेंबर १९९० मध्ये ही झडप प्रथम माणसाच्या हृदयात बसविली गेली. आजवर ती एक लाखाहून अधिक रुग्णांना बसविण्यात आली आहे.

तीन अपयशांपैकी प्रत्येक अपयश वेगळ्या जाणकाराने पकडले, याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. वेल्डिंगचा दोष चाचणीयंत्राने दाखविला, झीज धातुशास्त्राने मोजली, चकती फुटल्याचे सजीव प्राण्याने सांगितले. यांपैकी एकाचाही 'नाही' ऐकला गेला नसता, तर ती झडप माझ्या रुग्णाच्या छातीपर्यंत पोहोचली नसती. किंवा पोहोचून थांबली असती. सहयोग म्हणजे सभेत एकमेकांना हार घालणे नव्हे.

डॉ. वलियाथन यांनी पुढे वैद्य राघवन तिरुमुलपाड यांच्याकडे आयुर्वेदाचे अध्ययन केले आणि चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्यावर अनुक्रमे २००३, २००७ आणि २००९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. धातूच्या झडपेचा शिल्पकार सुश्रुताकडे वळला, हा केवळ योगायोग नसावा.

ससा, टायटॅनियम आणि आपली काळी वाळू

आमच्या रुग्णाला पडलेल्या दोन दाढांच्या जागी 'स्क्रूचे दात' हवे होते. हे स्क्रू टायटॅनियमचे असतात. स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रेनमार्क यांनी १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियमची सूक्ष्म कुपी बसविली होती. काम झाल्यावर ती काढू लागले, तर निघेना. हाड तिला घट्ट चिकटून वाढले होते. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसविले. ते २००६ मध्ये लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, कार्यक्षम राहिले. दंतवैद्यकाच्या जगाने ही पद्धत सर्वसामान्यपणे स्वीकारली ती १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर. सशापासून परिषदेपर्यंत तीस वर्षे गेली.

टायटॅनियम हाडाला का मानवते? हवेत येताच या धातूवर ऑक्साइडचा अत्यंत पातळ, परंतु चिवट थर बनतो. ओरखडा पडला तर तो पुन्हा तत्काळ तयार होतो. हाडाला धातू कधी भेटतच नाही. भेटते ती त्याच्यावरची ही साय. सुश्रुतांच्या यादीतील तांब्याशिशाप्रमाणे हा धातू विरघळत नाही, आणि शल्याप्रमाणे पू करून बाहेरही पडत नाही.

या धातूचे एक खनिज आपल्या शेजारीच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात काळबादेवी, मिऱ्या आणि मालगुंडच्या किनाऱ्यावर पायांना चटके देणारी जी काळी वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाइट हे लोह व टायटॅनियमचे खनिज असते. वाळूपासून धातूपर्यंतचा मार्ग मात्र लांबचा. केरळातील चवरा येथे टायटॅनियम स्पंज बनविणारा देशातील पहिला कारखाना २०११ मध्ये सुरू झाला. किनाऱ्यावर कच्चा माल असणे आणि हाडात बसविण्याजोगे द्रव्य असणे यांत केवढे अंतर आहे, हे आमच्या औषधनिर्मात्या मित्रांनी या एका उदाहरणावरून ताडावे.

आपल्या राज्यातील दोन प्रयत्न

हाडाचा कर्करोग अनेकदा कोवळ्या वयात आणि गुडघ्याच्या आसपास होतो. पूर्वी मांडी कापण्यावाचून गत्यंतर नसे. आता रोगग्रस्त हाडाचा भाग काढून तेथे धातूचा सांधा बसवितात आणि पाय वाचतो. आयात सांध्यांची किंमत मोठी. शिवाय त्यांचे माप नेहमीच आपल्या रुग्णांच्या बांध्याला बेतलेले नसते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील शल्यवैद्य, आयआयटी मुंबईतील प्रा. बी. रवी यांचा गट आणि हैदराबादचे अलोह धातू तंत्रज्ञान विकास केंद्र यांनी मिळून भारत सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाच्या पाठबळाने असा देशी सांधा विकसित करण्याचे काम हाती घेतले. शल्यवैद्याला कोठे अडते ते अभियंत्याने शस्त्रक्रियागृहात उभे राहून पाहायचे, आणि धातू कोठे दमतो ते शल्यवैद्याने कारखान्यात जाऊन ऐकायचे, असा हा व्यवहार असतो.

दुसरा प्रयत्न पुण्याचा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशमातील फायब्रॉइन या प्रथिनापासून अस्थीतील पोकळी भरणारे सच्छिद्र द्रव्य तयार केले, आणि त्याच परिसरातून 'सेरिजेन' ही कंपनी उभी राहिली. सुश्रुतांनी व्रणबंधनाच्या द्रव्यांत कौशेयाचा, म्हणजे रेशमी वस्त्राचा, समावेश केला आहे. पण रेशमी पट्टी आणि फायब्रॉइनचा भराव यांना एकच समजणे चुकीचे ठरेल. पट्टी बाहेर राहते आणि काढता येते. भराव आत राहतो आणि हाड येईपर्यंतच राहायला हवा.

शिंपला : प्रश्नाचे उरलेले उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे. शिंपला हाडाला मानवतो, ही गोष्ट खोटी नाही. उलट फार जुनी आहे. मध्य अमेरिकेतील होंडुरासमध्ये १९३१ साली झालेल्या उत्खननात, सुमारे इसवी सन ६०० मधला मानला जाणारा खालच्या जबड्याचा तुकडा मिळाला. त्यात पुढच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे घडविलेले तुकडे बसविलेले होते. हे मृत्यूनंतरचे अलंकरण असावे, असे आधी मानले गेले. १९७० च्या सुमारास ब्राझीलचे दंतवैद्य अमादेव बोब्बियो यांनी क्ष-किरण चित्रे काढली, तेव्हा त्यांपैकी दोन तुकड्यांभोवती हाड घट्ट वाढल्याचे दिसले. म्हणजे ते तुकडे जिवंतपणीच बसविले होते.

पुढे फ्रान्समध्ये एव्हलिन लोपेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोत्याच्या शिंपल्याच्या आतील चकाकत्या थरावर काम केले. या थरावर मानवी अस्थिपेशी नवे खनिज बनवू लागतात, असे त्यांनी १९९२ मध्ये दाखविले. १९९७ मध्ये वरच्या जबड्यातील अस्थिदोषात त्याची पूड वापरल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याआधीच, १९७४ मध्ये, अमेरिकेत डेला रॉय आणि लिनेहन यांनी प्रवाळाची छिद्ररचना कायम ठेवून त्याचे उष्णजलाच्या दाबाखाली हायड्रॉक्सिअपेटाइट, म्हणजे हाडातलेच खनिज, करण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. २००५ मध्ये समुद्रफेनापासूनही अशाच रीतीने, सुमारे २०० अंश सेल्सिअसला, सच्छिद्र अस्थिद्रव्य तयार केल्याचे प्रसिद्ध झाले. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर वाहून येणारी ही माकलाची पाठ. कोळी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

तेव्हा शिंपला, प्रवाळ, समुद्रफेन ही तिन्ही द्रव्ये खरोखर संशोधकांच्या मेजावर आहेत. भस्म मात्र नाही. आणि ते का नाही, हेच मला सभेत सांगता आले नव्हते.

मोत्याच्या शिंपल्याच्या चकाकत्या थरात ९५ टक्क्यांच्या आसपास अॅरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे एक स्फटिकरूप, असते. उरलेला भाग प्रथिने आणि कायटिन यांचा. विटांच्या भिंतीत जसा चुना, तसे ते स्फटिकांच्या पातळ पत्र्यांमध्ये बसलेले असतात. अस्थिपेशींना संदेश देणारे रेणू याच पाच टक्क्यांत असतात, असे या संशोधनाचे अनुमान आहे. शिंपल्याचा चिवटपणाही याच रचनेतून येतो. आता आपण काय करतो? शोधनानंतर शिंपला गजपुटात घालतो, जेथे उष्णता ८०० ते १००० अंशांपर्यंत जाते. ४०० अंश ओलांडण्याच्या सुमारास प्रथिने जळतात आणि अॅरागोनाइटचे कॅल्साइट होते. पुढे कॅल्साइटमधून कर्बवायू निघून जाऊ लागतो आणि काही भागाची चुनकळी होते. म्हणजे संशोधकांना शिंपल्यात जे हवे होते, नेमके तेच आपण अग्नीला अर्पण करतो. पोटात घेण्यासाठी हा संस्कार उचित आहे. अम्लपित्तात त्याचा गुण आपण रोज पाहतो. परंतु संस्काराने द्रव्य बदलते हे आपलेच सूत्र येथे विसरता कामा नये.

यापुढचा मुद्दा अधिक गंभीर आहे. भस्मातील चुनकळीचा अंश जखमेतील ओलाव्याशी संयोग पावून तीव्र क्षार होतो. सुश्रुतांनी क्षारपाकात तापविलेली शंखनाभी घालायला सांगितली आहे ती याच दाहक गुणासाठी. ज्या द्रव्याने अर्शाचे अंकुर दग्ध करायचे, ते दाताच्या उघड्या खळग्यात भरणे म्हणजे हाडाचे पोषण नव्हे. दंतवैद्य कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरतात, असा प्रतिवाद सभेत झाला होता. तो खरा आहे. जर्मनीचे हर्मान यांनी १९२० पासून त्याचा दंतोपचारात प्रसार केला. पण तेथे ते दातातील मगजावर पातळ थराने किंवा दंतमुळाच्या नळीत, मोजून, निर्जंतुक स्वरूपात आणि ठरावीक काळापुरते वापरतात. शिवाय हाडाच्या भरावाला किमान १०० मायक्रॉनची, एकमेकांना जोडलेली छिद्रे लागतात, नाहीतर रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत. वारितर, रेखापूर्ण भस्मात ती कोठून असणार? भस्माच्या ज्या सूक्ष्मतेचा आपल्याला अभिमान आहे, तीच येथे अवगुण ठरते.

आणखी एक गोष्ट औषधनिर्मात्यांसाठी. 'शुक्ती' म्हणून बाजारात येणारा माल एकजातीचा नसतो. मोत्याच्या शिंपल्यात अॅरागोनाइटचा थर असतो. आपल्या खाडीतल्या कालवांचे कवच मुख्यतः कॅल्साइटचे असते आणि त्यात तो थर नसतो. आपल्या ग्रंथांनी मुक्ताशुक्ती आणि जलशुक्ती वेगळ्या सांगितल्या, पण गोणीत त्या पुष्कळदा एक होतात.

प्रवाळाबाबत तर कायदा आडवा आहे, आणि तो असावाच. मालवणच्या समुद्रात पोराइट्स वर्गाचे प्रवाळ आहे, ज्याच्यापासून परदेशात अस्थिभराव बनविला गेला. पण मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून घोषित आहे, आणि २००१ पासून सर्व खडककारी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. किनाऱ्यावर मृतावस्थेत सापडले म्हणून ते उचलून आणणेही गुन्हा ठरू शकते. आपल्या औषधातील तांबडे प्रवाळ हे भूमध्य समुद्रातील निराळ्या जातीचे असते. कोणी 'मालवणी प्रवाळ' स्वस्तात देऊ केले, तर ते दारातूनच परत पाठवावे.

भरावद्रव्य विकण्याचा उद्योग आयुर्वेदीय औषधनिर्मितीच्या परवान्यात बसत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यात जोखमीनुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत. हृदयझडप डी वर्गात, म्हणजे सर्वाधिक जोखमीच्या वर्गात, मोडते. शरीरात ठेवायच्या द्रव्याची पेशींना होणारी विषबाधा, दाह, संवेदनशीलता आणि प्रत्यक्ष रोपण यांच्या चाचण्या आयएसओ १०९९३ या मानकमालेनुसार व्हाव्या लागतात. त्या घरच्या खलबत्त्यात होत नाहीत.

मग आपला वाटा काहीच नाही का? आहे. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा आणि डॉ. जी. सी. प्रसाद यांनी साठच्या दशकात अस्थिशृंखलेचा, म्हणजे आपल्या कांडवेलीचा, अस्थिभंगावरील परिणाम प्राण्यांत अभ्यासला. त्यात किरणोत्सारी कॅल्शियम-४५ वापरून नव्या हाडातील कॅल्शियमचा माग काढला. शल्यवैद्य, द्रव्यगुणाचा जाणकार आणि प्रयोगशाळा एकत्र आल्या, तेव्हा आपल्या परंपरेतील एका वेलीला जगाला समजेल अशी भाषा मिळाली. किनाऱ्यावरील औषधनिर्मात्यांनी प्रत्येक खेपेच्या शिंपल्याची जात, गोळा केल्याचे ठिकाण आणि महिना लिहून, न भाजलेला आणि पुटानंतरचा असे दोन नमुने जपून ठेवले, तर कोणत्याही विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागाला त्यांवर क्ष-किरण परीक्षण करता येईल. एका भट्टीतल्या भस्मात चुनकळी किती आणि कार्बोनेट किती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असावे. मलाही माझ्या भस्माचे नाही.

चिकित्सालयात

प्रत्येक नव्या रुग्णाला शरीरात झडप, स्टेंट, सांधा, सळई वा स्क्रूचा दात आहे का, हे विचारणे मी आता नियमाने करतो आणि कार्डाची प्रत मागतो. यांत्रिक झडपेच्या रुग्णावर सिरावेध वा जलौकावचारण करू नये, आणि हलणारा दात आपल्या चिकित्सालयात उपटू नये. दात काढताना रक्तात गेलेले जंतू झडपेवर बसू शकतात. त्यासाठी आधी प्रतिजैविकाची मात्रा लागते, आणि ती हृदयरोगतज्ज्ञ व दंतवैद्य यांनी ठरवायची असते. वॉरफरिन चालू असताना लसूण, गुग्गुळ, आले, हळद यांची औषधी मात्रा त्यांना कळविल्याशिवाय सुरू करू नये. पावसाळ्यात टाकळा-शेवग्याच्या पाल्यासारख्या पालेभाज्या एकाएकी वाढल्या, तर के जीवनसत्त्वामुळे उलट परिणाम होऊ शकतो. भाजी बंद करायची नाही. रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे. कृत्रिम सांध्यावर अग्निकर्म आणि जोराचे मर्दन टाळावे.

स्क्रूचा दात बसविणाऱ्यांसाठी आपण करण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट साधी आहे : मशेरी सोडविणे. तंबाखू, आटोक्यात नसलेला मधुमेह आणि हिरड्यांचा जुना रोग ही स्क्रू सैल होण्याची प्रमुख कारणे आहेत. टायटॅनियम कितीही उत्तम असले, तरी त्याला धरणारे हाड मशेरीने भाजलेल्या हिरडीखालचे असते. दंतवैद्याकडे रुग्ण सहा महिन्यांतून एकदा जातो. आपल्याकडे तो, आणि त्याच्या घरातली मंडळीही, दर पंधरवड्याला येतात.

त्या गृहस्थांच्या बाबतीत दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी आपसात बोलून स्क्रूऐवजी काढघालीची कवळी सुचविली. त्यांना ती प्रथम आवडली नाही. आता सवय झाली आहे. गुडघ्यासाठी मी त्यांना फक्त बाह्य स्वेदन देतो आणि दर महिन्याला आय.एन.आर.चा कागद पाहतो. त्यांच्या केसपेपरच्या पहिल्या ओळीत, नावाच्याही वर, झडपेचे नाव आणि क्रमांक लाल शाईने लिहिलेला आहे.